अभ्यासिकेचं वायफाय चाळीस जणांत नीट वाटायला मला चार महिने लागले, तो अनुभव

आमच्या मंडळाची अभ्यासिका आहे ठाण्यात, वागळे इस्टेटच्या बाजूला. खाली हॉल, वर पोटमाळा, मिळून चाळीस खुर्च्या. मी स्वतः तिथेच बसून परीक्षा दिलीये, आता नोकरी ऐरोलीला आहे पण संध्याकाळी ठाण्याला उतरले की तिकडे चक्कर असतेच, हिशोबाची वही आणि वायफाय ही दोन कामं माझ्याकडे.

गेल्या पावसाळ्यात एका मुलीचा ऑनलाइन मॉक इंटरव्ह्यू होता, संध्याकाळी साडेसातला, पोटमाळ्यावर. तिसऱ्याच प्रश्नाला तिचा आवाज तुटायला लागला, समोरचे सर हॅलो हॅलो करत राहिले आणि शेवटी कॉल कट झाला. ती खाली आली, काहीच बोलली नाही, डबा पिशवीत टाकला आणि गेली. मला ते फार लागलं, कारण घरी एका खोलीत पाच माणसं म्हणून ती आमच्याकडे येते, आणि आम्ही महिन्याची फी घेतो.

दुसऱ्या दिवशी मी सेक्रेटरी काकांना बोलले की प्लॅन वाढवू. १०० एमबीपीएसचा २०० केला. आठवडाभर बरं वाटलं, मग परत तेच. मग बोर्ड लावला, "डाऊनलोड करू नये". त्याने एवढंच झालं की मुलं एकमेकांकडे संशयाने बघायला लागली. मग मी राऊटरमध्ये जाऊन प्रत्येकाला ५ एमबीपीएसची मर्यादा घातली, २०० भागिले ४०, साधा हिशोब. मला वाटलं हाच न्याय. पण दुपारी हॉलमध्ये सहा जण बसलेले असायचे, ते मिळून ३० वापरणार आणि बाकीचे १७० नुसते पडून.

आणि त्यातच मला कळलं की डाऊनलोड करणारा कोण. येऊरच्या पाड्यावरचा मुलगा, घरी रेंज धड येत नाही म्हणून रोज इथून दोन-तीन लेक्चर उतरवून नेतो आणि रात्री बघतो. मर्यादा घातल्यावर त्याची शेवटची बस जायची वेळ व्हायची तरी लेक्चर अर्धंच. तो येऊन बोलला, ताई, मी दुसऱ्यांचं अडवतोय का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याची गरज तितकीच खरी होती जितकी त्या मुलीची. त्या दिवसापासून मी चोर शोधणं सोडलं आणि हे नक्की बिघडतं कुठे ते शोधायला लागले.

मर्यादा काढली, लॅपटॉपवर पिंग (छोटासा निरोप जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजतो तो) चालू ठेवला आणि त्याला सांगितलं, आता कर डाऊनलोड. आधी आकडे होते ११, १२, ११ मिलिसेकंद. त्याने बटण दाबलं आणि ९०, २४०, ४१०, ६८०. तिथेच वर राहिले. डाऊनलोड थांबवलं की तीन सेकंदात परत १२. लाइन तुटत नव्हती, रांग लागत होती. वाटेतल्या यंत्रांमध्ये डेटा साठवायला मोठी जागा असते, डाऊनलोड ती पूर्ण भरून टाकतं, आणि कॉलचं बारीकसं पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, त्या रांगेच्या शेवटी उभं राहतं. कॉलला लागतं १ एमबीपीएस, फार तर २. त्याला स्पीड कमी पडत नव्हता, त्याला वेळेवर सोडलं जात नव्हतं. या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात.

नंतर ठाणे-वाशी लोकलमध्ये बसून बरंच वाचलं. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कलीला दोन इमारतींमध्ये, अंतर जेमतेम ४०० यार्ड, ३२ केबीपीएसची, म्हणजे ३२ हजार बीपीएसची लाइन गर्दीने ४० बीपीएसवर आली होती, म्हणजे जवळजवळ बंदच. त्यावर व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये उपाय मांडला की गर्दी दिसली, पॅकेट हरवलं, की पाठवणाऱ्याने आपणहून वेग कमी करायचा. इंटरनेट आजही त्या समजुतीवर चालतं. पण त्यात एक गोम आहे, लाइनची वाटणी साधारण कनेक्शनप्रमाणे होते, माणसाप्रमाणे नाही. त्या मुलाच्या फोनमधलं डाऊनलोड ॲप एका फाइलचे सोळा तुकडे करून सोळा कनेक्शनने ओढत होतं, आणि शेजारी पीडीएफ उघडणाऱ्याचं कनेक्शन एक. आमच्या जुन्या चाळीत नळाला मोटर लावणारे असायचे, वरच्या मजल्यावर पाणीच चढायचं नाही, अगदी तसंच. फरक इतकाच की त्याला बिचाऱ्याला माहीतही नव्हतं की त्याच्या नळाला मोटर आहे.

यावर केक नावाची पद्धत आहे, २०१८ पासून लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नेलमध्येच, म्हणजे गाभ्यातच येते. ती प्रत्येक माणसाची, खरं तर त्याच्या फोनच्या किंवा लॅपटॉपच्या नेटवर्कवरच्या पत्त्याची, वेगळी रांग धरते आणि पाळीपाळीने सगळ्यांचं थोडं थोडं सोडते. तू एक कनेक्शन उघड नाहीतर सोळा, वाटा एकच. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, कोणी वापरत नसेल तर त्याचा वाटा बाकीच्यांना जातो, वाया जात नाही. वर रांग लांबायला लागली की पॅकेट टाकून पाठवणाऱ्याला लवकर इशारा देते. माझ्या मर्यादेत नेमकं हेच नव्हतं.

आमच्या राऊटरवर हे चालत नव्हतं म्हणून ओपनडब्ल्यूआरटी (लिनक्सवरच चालणारी राऊटरची मोफत सिस्टीम) चढेल असा एक जुना राऊटर घेतला, अठराशे रुपये. कोणी करणार असाल तर राऊटरच्या खालच्या स्टिकरवर मॉडेलच्या पुढे व्हर्जनचा आकडा असतो तो आधी बघा. मॉडेल सेम असून व्हर्जन वेगळं असेल तर फाइल वेगळी लागते, आणि चुकीची चढवली तर राऊटर गेला समजा. मी एक रविवार अख्खा त्या स्टिकरचा फोटो मोठा करून करून बघण्यात घालवला.

चढवलं, चालू केलं, आणि फरक अर्धवटच. पिंग उतरला पण वाटणी काही नीट होईना. दोन संध्याकाळी गेल्या त्यात. मग लक्षात आलं की बाहेरच्या बाजूने चाळीसच्या चाळीस जण राऊटरच्या एकाच पत्त्याने दिसतात, त्यामुळे केकला वाटत होतं आत एकच माणूस आहे. या एका पत्त्यामागे सगळ्यांना झाकण्याला नॅट म्हणतात, सेटिंगमध्ये तोच एक शब्द टाकावा लागतो, मग तो आतले पत्ते बघतो. डाऊनलोडला घेणाऱ्याप्रमाणे वाटणी आणि अपलोडला पाठवणाऱ्याप्रमाणे, हे पण वेगवेगळं सांगायचं. शब्द टाकला आणि त्या मुलाला परत बसवलं, सोळा कनेक्शन, पिंग २०च्या आत. मी तो आकडा कितीतरी वेळ बघत बसले.

दुसरी अडचण संध्याकाळची. केकला लाइनचा स्पीड सांगावा लागतो, आणि तो खऱ्यापेक्षा थोडा कमीच सांगायचा, म्हणजे रांग आपल्या राऊटरमध्ये लागते, जिथे आपला हुकूम चालतो. मी सकाळी मोजून ९० टक्के टाकला होता. पण रात्री आठ ते अकरा आमची लाइनच खाली येते, कारण फायबर झाला तरी तो सामायिकच, आपल्याकडच्या नेहमीच्या जीपॉन पद्धतीत एका पोर्टचे २.५ गिगाबिट ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात आणि पुढची लाइन त्याहून जास्त लोकांत. ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २००९ मध्ये घरगुती ब्रॉडबँडला एकास पन्नास, म्हणजे एकाच्या स्पीडमध्ये पन्नास जण, इतपत वाटणी चालेल असं सांगितलं होतं, ते वाचून मला जरा धक्काच बसला, पण सगळे एकाच वेळी वापरत नाहीत या भरवशावर हा धंदा उभा आहे, आणि आमची चाळीस मुलं बरोबर एकाच वेळी वापरतात. कंपनीला तक्रार केली, डॉकेट नंबर मिळाला, माणूस आला, सकाळी अकराला स्पीड मोजून "ओके आहे मॅडम" करून गेला. मी त्याला बोलले दादा रात्री नऊला या, तर त्याची ड्यूटी सहाला संपते. त्याचाही इलाज नव्हता. शेवटी मीच आठ दिवस रात्री मोजलं, सगळ्यात कमी आलेला आकडा ७० होता, आणि राऊटरला वेळ लावून दिली, आठ ते अकरा ६५ आणि बाकी वेळ १८०. पण त्या अठराशेच्या राऊटरचा प्रोसेसर १८० ला पुरत नव्हता, धापा टाकायचा. म्हणून प्लॅन परत १०० चा केला आणि दिवसाचा आकडा ९० वर आणला. काका आधी तयार नव्हते, दुप्पट घेऊन चालेना ते निम्म्यात कसं चालेल म्हणून. मी त्यांना पिंग दाखवला. वाचलेल्या पैशात पोटमाळ्यावर पंखा आला.

एक कोपरा मात्र केकनेही सुधारला नाही. जिन्याखालच्या खुर्चीला सिग्नल कमी, तिथला फोन हळू बोलतो आणि तो बोलत असेपर्यंत हवा अडवून धरतो, बाकीच्यांना थांबावं लागतं. तिथे सरळ लॅनची केबल ओढली आणि एक जुना पीसी ठेवला. सव्वाशे रुपयात काम झालं.

डिसेंबरमध्ये त्या मुलीचा परत मॉक इंटरव्ह्यू होता, रात्री साडेआठला, म्हणजे सगळ्यात वाईट वेळ. हॉलमध्ये ३४ जण, येऊरवाला खाली लेक्चर उतरवत होता. मी जिन्यात लॅपटॉप घेऊन बसले होते, आकडे १८, २३, १९, एकदा ३१. वरून तिचा आवाज येत होता, जिल्हा परिषदेवर काहीतरी सलग बोलत होती. पस्तीस मिनिटं.

सगळी सेटिंग मी हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलीये, नॅट शब्दाखाली दोनदा रेघ मारून. आता लाइट गेली की राऊटर बंद पडतो, त्याला इन्व्हर्टरची वायर ओढायची बाकी आहे, काकांना सांगून ठेवलंय.