पिसदुऱ्याच्या दगडी शेणातलं गवत

चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याच्या शेतांत टणक, एका टोकाला निमुळते गोळे सापडतात. ही डायनोसॉरच्या काळातली विष्ठा, दगड झालेली. शास्त्रीय नाव कोप्रोलाइट. ज्या थरात ती मिळते तो लमेटा थर. नाव आलं जबलपूरजवळच्या नर्मदेवरच्या लमेटा घाटावरून. याच्या वर दख्खनचा काळा पाषाण पसरला, म्हणजे वय साधारण ६.६ ते ७ कोटी वर्षं.

प्रत्येक गोल दगड कोप्रोलाइट नसतो. चुनखडीच्या गाठीही गोल असतात आणि नवखा माणूस हमखास तिथेच फसतो. बाहेरच्या आकारावर विसंबू नये. निमुळतं टोक, आवळल्यासारख्या खाचा हे नुसते इशारे. खरा निकाल पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली लागतो: आत पानाच्या सालीचे, खोडाच्या पेशींचे तुकडे दिसले पाहिजेत.

या गोळ्यांनी २००५ मध्ये मोठा धक्का दिला. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी या जीवाश्म-अभ्यासकांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यांत गवताचे फायटोलिथ मिळाले, तेही कमीत कमी पाच प्रकारच्या गवतांचे. फायटोलिथ म्हणजे पेशीत साचलेले सिलिकाचे सूक्ष्म कण. उसाच्या पात्यानं हात कापतो तो या सिलिकामुळेच. गवत डायनोसॉर संपल्यावर फोफावलं, असाच तोवर समज होता.

कण वेगळे करायची रीत सोपी वाटते, पण खोड्या फार. आधी गोळ्याची बाहेरची साल पूर्ण काढून टाकायची. शेतातल्या मातीत आजच्या गवताचे, ज्वारीचे कण भरलेले असतात आणि ते भेगांतून आत शिरतात. म्हणून भेगाळलेला नमुना घेऊच नये, आणि भोवतालच्या मातीचा नमुनाही त्याच पद्धतीनं तपासावा. आतला गाभा हलक्या हातानं कुटायचा. बारीक पूड केली की कणांचे आकार मोडतात आणि ओळख पटवायचा आधारच जातो. मग हायड्रोक्लोरिक आम्लात चुना विरघळवायचा, नायट्रिक आम्लानं सेंद्रिय भाग जाळायचा. शेवटी सुमारे २.३ घनतेच्या जड द्रवात ढवळून सेंट्रिफ्यूज यंत्रात गरगर फिरवायचं: २.६५ घनतेचे वाळूचे कण तळाला, फायटोलिथ वर. परागकण शोधणारे लोक हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात. ते इथे चालत नाही, सिलिकाच विरघळून जातं. एकाच नमुन्यातून दोन्ही हवे असतील तर सुरुवातीलाच दोन वाटे करावेत.

ही विष्ठा टायटॅनोसॉरची मानतात, कारण लांब मानेच्या या प्राण्यांची हाडं त्याच थरांत आहेत. पण विष्ठेवर मालकाचं नाव नसतं, तेव्हा हे अनुमानच धरावं. शिवाय ही गवतावर चरणारी गुरं नव्हती: कणांत भरणा ताड, सूचिपर्णी आणि द्विदल झाडांचा, गवत थोडंच. मिळेल ते ओरबाडणारं जनावर डोळ्यांपुढे आणावं.

२०११ मध्ये त्यातलेच काही कण गवतांमधल्या भाताच्या गटातले ठरले. भाताच्या पात्यात डंबेलच्या आकाराचे कण पात्याच्या लांबीला आडवे बसलेले असतात, आणि ही खूण जीवाश्मातल्या सालीच्या तुकड्यांतही दिसली. या गोळ्यांतल्या एका गवताचं नाव मॅटलेयाइट्स. पिसदुऱ्याच्या कोप्रोलाइटचं वर्गीकरण करणाऱ्या चार्ल्स मॅटलीच्या नावावरून.