लूप बरोबर होता

सांगलीत विश्रामबागेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये जाड्या-रड्याचा, म्हणजे लॉरेल-हार्डीचा, शेवटचा सिनेमा लावायचा होता. मूळ नाव 'अटोल के', १९५१चा. डब्यावर अमेरिकेतलं नाव, 'युटोपिया'. ८२ मिनिटं, म्हणजे सोळा एमएमची साधारण २,९५० फूट फिल्म, १६०० फुटी दोन रिळं. सुती हातमोजे घालून कडा चाचपल्या, फाटकी छिद्रं आणि सुटलेले जोड दुरुस्त केले.

दहा मिनिटांत मागून हाक आली, "ओ मशिनवाले, आवाज मागं पडतोय!"

शंका रास्त होती. गेटपाशी, म्हणजे चित्रावर उजेड पडतो तिथं, फिल्म थांबत-थांबत सरकते, आवाज वाचणाऱ्या साउंड ड्रमवर मात्र ती सलग फिरावी लागते. म्हणून आवाज चित्राच्या २६ फ्रेम पुढं छापलेला असतो आणि हे अंतर खालचा लूप, म्हणजे फिल्मला दिलेला सैल वळसा, सांभाळतो. लूप मोठा झाला की आवाज मागं पडतो, लहान झाला की पुढं पळतो. दोन-तीन फ्रेमचा फरकही खुपतो, आणि सांगलीच्या नाटकवेड्या कानांना तर जास्तच.

मशिन थांबवून फिल्म पुन्हा ओवली. लूप अगदी खुणेवर. तक्रार तीच.

मग ओठांकडे बघत बसलो. हार्डीचा शब्द ओठांवर चपखल. लॉरेलचाही. त्यांच्यासोबतचे नट मॅक्स एलॉय किंवा आद्रियानो रिमोल्दी बोलला की सुटलंच! लूप चुकला असता तर चौघांचंही चुकलं असतं. हा फ्रेंच-इटालियन सिनेमा. चित्रीकरणात जो तो आपापल्या भाषेत बोलला, इंग्रजी नंतर चिकटवलं. संयोजकांनी सत्कारात वीस मिनिटं घालवली, तेव्हा एवढं एक वाक्य सांगायला हवं होतं.

या जोडीचा विनोद शब्दात कमी, उत्तर येण्याआधीच्या थांब्यात जास्त. समोरच्याचं उत्तरच उसनं असेल तर तो थांबा धरायचा कुणी? दोघंच असतात तिथं आजही हशा येतो, त्या दिवशीही आला. "म्हातारे झाले होते" म्हणून सगळा दोष त्यांच्यावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. बारा आठवड्यांचं काम ऑगस्ट १९५० ते एप्रिल १९५१ चाललं. लॉरेल इतका आजारी पडला की वजन ११४ पौंडांवर, म्हणजे ५२ किलोच्या आत आलं. जवळच्या शॉटमध्ये गालांचे खड्डे बघवत नाहीत. तरी टोपी काढून डोकं खाजवायची वेळ त्यानं चुकवलेली नाही.

दुसरं रीळ लूपला हात न लावता चालवलं. प्रिंट परत करताना डब्यात चिठ्ठी टाकली : 'आवाज मूळचाच असा आहे. लॉरेल-हार्डीच्या ओठांवर तपासावा, इतरांच्या नाही.'