पट्टा वळवळतो की फुगतो?

साइन लाटेचं समीकरण मला अकरावीपासून पाठ होतं. पुढचा गुणक म्हणजे आयाम, म्हणजे लाटेची उंची, कंसातली बेरीज म्हणजे कला (फेज), आणि शेवटी जोडलेली संख्या म्हणजे आख्खी लाट वर-खाली सरकणं. आलेख अचूक यायचे. तरी इंजिनिअरिंगला मॉड्युलेशनच्या प्रॅक्टिकलला मी अडकले.

मॉड्युलेशन म्हणजे कॅरिअरवर, म्हणजे संदेश वाहून नेणाऱ्या जलद लाटेवर, संदेश 'बसवतात' असं वाचलं होतं. बसवणं म्हणजे बेरीजच, असं मी धरून चालले. ब्रेडबोर्डवर दहा-दहा किलोओहमचे दोन रेझिस्टर लावले, एकातून 1 किलोहर्ट्झचा संदेश सोडला आणि दुसऱ्यातून 50 किलोहर्ट्झचा कॅरिअर. सीआरओवर, म्हणजे लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, चित्र पळत होतं. ट्रिगर (चित्र कुठून सुरू करायचं ते ठरवणारी सोय) संदेशाला लावल्यावर ते थांबलं आणि कॅरिअरच्या दाट लाटांचा एक जाड पट्टा नागासारखा वळवळताना दिसला. मला वाटलं, जमलं!

सर मागे येऊन उभे राहिले. "पट्ट्याची जाडी बघ. कुठे बदलतेय का?"

कुठेच बदलत नव्हती. कॅरिअर होता तेवढाच होता, नुसता वर-खाली होत होता. म्हणजे माझा संदेश समीकरणाच्या शेवटच्या संख्येत गेला होता, आयामापर्यंत पोचलाच नव्हता. त्या बेरजेत 1 आणि 50 किलोहर्ट्झ शेजारी-शेजारी राहतात, एकमेकांना हातही लावत नाहीत. अशी बेरीज अँटेनाला दिली, तर संदेश मागेच राहणार.

आयाम बदलायचा तर गुणाकार हवा. पुढच्या आठवड्यात सरांनी एडी 633 ही गुणाकाराची आयसी दिली. ती दोन व्होल्टेजचा गुणाकार करून त्याला दहाने भागते, आणि झेड पिनवर दिलेलं व्होल्टेज त्यात मिळवते. संदेशाचं शिखर 5 व्होल्ट, कॅरिअरचं 2 व्होल्ट ठेवलं आणि तोच कॅरिअर झेडलाही जोडला. या वेळी पट्ट्याची मधली रेघ सरळ राहिली आणि पट्टा फुगू-आकसू लागला. शिखर कुठे 3 व्होल्ट, कुठे 1. वजाबाकी भागिले बेरीज, म्हणजे मॉड्युलेशन इंडेक्स (आयाम किती बदलतो याचं माप) 0.5. सिग्नलमधल्या वारंवारता वेगळ्या करून दाखवणारं एफएफटी लावल्यावर 49, 50 आणि 51 किलोहर्ट्झला तीन सुळे उभे राहिले. दोन कोसाइनच्या गुणाकारातून वारंवारतांची बेरीज आणि वजाबाकी निघते, हे सूत्र मी परीक्षेपुरतं घोकलं होतं, ते समोर दिसत होतं. पुणे आकाशवाणीच्या 792 किलोहर्ट्झच्या दोन्ही बाजूंनाही निवेदकाचा आवाज असाच विभागला गेलेला असतो.

मग झेडची वायर काढून पाहिली. पट्टा मध्ये-मध्ये पार मिटायला लागला, आणि मिटतो त्या जागी टाइम बेस (पडद्यावरचा आडवा वेळ) ताणल्यावर कॅरिअर उलटा होताना दिसला. वर जाता-जाता मध्येच खाली वळायचा. संदेश ऋण झाला की आयाम ऋण होतो, आणि ऋण आयाम म्हणजेच कलेत 180 अंशांचा बदल. आयाम आणि कला या दोन वेगळ्या खोल्या आहेत असं मी आजवर समजत होते, तर त्यांच्यामध्ये हे दार होतं. म्हणूनच कॅरिअरमधून संदेश परत काढणाऱ्या साध्या डायोडच्या डिटेक्टरला हा सिग्नल चालत नाही. त्याला फक्त पट्ट्याची बाहेरची कड कळते, आत काय उलटलं ते कळत नाही.

जर्नलमध्ये ती उलटी होणारी रेघ काढायला मला तीनदा खोडरबर लागलं. सही घेताना सरांनी त्याच जागेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "इथे काय झालं, सांग." मी न अडखळता सांगितलं.