‘सोक्रुशितेल्नी’चा तुटलेला सांगाडा

जहाजांच्या सांगाड्याची ताकद तपासताना एक प्रकरण माझ्या डोक्यातून जात नाही. सोव्हिएत नॉर्दर्न फ्लीटची विनाशिका ‘सोक्रुशितेल्नी’ 20 नोव्हेंबर 1942 रोजी बॅरेंट्स समुद्रात, रशियाहून ब्रिटनकडे परतणाऱ्या क्यूपी-15 या मालवाहू जहाजांच्या काफिल्याच्या संरक्षणाला असताना मोडली. टॉर्पेडो नाही, सुरुंग नाही, तिचा मागचा भाग लाटांनी तोडून नेला.

ती प्रोजेक्ट 7 या वर्गातली. त्या वर्गाचा आराखडा इटालियन वळणाचा, भूमध्य समुद्राला मानवणारा. 48,000 अश्वशक्ती, चार 130 मिलिमीटर तोफा, आणि वजन कमी राहावं म्हणून पातळ प्लेटा. सांगाड्याच्या मधल्या भागात फ्रेमिंग, म्हणजे प्लेटांना आतून आधार देणाऱ्या फासळ्या, लांबीच्या दिशेने, टोकांकडे आडव्या. एक पद्धत संपून दुसरी सुरू होते त्या सांध्यात ताण साचतो. लाटेची लांबी जहाजाएवढी झाली की कधी जहाजाचं पोट शिखरावर येऊन दोन्ही टोकं लोंबकळतात, तर कधी टोकं शिखरांवर आणि पोट अधांतरी. डेक आळीपाळीने ताणला जातो, दाबला जातो. दाबाखाली पातळ प्लेट आधी सुरकुतते आणि तिच्या वाट्याचा भार शेजारच्या कोपऱ्यावर पडतो. मँगनीजचं पोलाद मजबूत खरं, पण ठिसूळ. भेग पडली की ते वेळ देत नाही.

तुटलेला भाग बुडाला आणि त्यावरचे, पाणबुड्यांवर टाकायचे पाणसुरुंग खाली फुटले. उरलेली विनाशिका मात्र तरंगत राहिली, कारण आतल्या बल्कहेड, म्हणजे पाणी अडवणाऱ्या आडव्या भिंती, टिकल्या. हे श्रेय आराखड्याचं आणि टेकू लावून त्या सांभाळणाऱ्या खलाशांचंही.

मदतीला ‘रझूम्नी’, ‘उरीत्स्की’ आणि ‘कुइबिशेव’ या विनाशिका आल्या. ओढून नेणं जमेना. मग ‘कुइबिशेव’ जवळ गेली, लाटांचा फेस दबावा म्हणून पाण्यावर इंधन तेल ओतलं आणि दोरावरून माणसं खेचली. बर्फगार पाण्यातून 179 जण तिने वर घेतले. ती झारकाळात बांधायला घेतलेली, या तिघींतली एक जुनी नौका. ‘उरीत्स्की’ने आणखी 11 वाचवले. इंधन संपत आल्याने त्यांना परतावं लागलं तेव्हा थोडे जण मोडक्या जहाजावरच राहिले होते. नंतर पाठवलेल्या सुरुंगशोधक नौकांना तिथे काहीच सापडलं नाही.

कप्तान कुरिलेख माणसं मागे ठेवून आधी उतरला, त्याला गोळी घातली गेली. त्याच्या वागण्याला माझ्याकडे माफी नाही. पण प्लेटांच्या जाडीवर सही त्याची नव्हती. नंतर प्रोजेक्ट 7 च्या इतर विनाशिकांचे सांगाडे जादा पट्ट्या लावून भक्कम केले गेले, म्हणजे दुबळी जागा कुठे होती हे कळलेलं होतं.