इशारा पातळी नसलेले पाणी

चौघा मित्रांनी मिळून कुठे जायचे म्हटले की आमच्याकडे कॅलेंडरच्या आधी हंगाम पाहावे लागतात. एक मित्र तासगाव तालुक्यातला द्राक्षबागायतदार, दुसरा सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा अडत्या, तिसऱ्याचे औषधांचे दुकान आणि मी नोकरदार. बागेतला माल उतरलेला असतो पण खरड छाटणी सुरू व्हायची असते, आणि मार्चअखेरच्या हिशेबांमुळे यार्डातले सौदेही बंद असतात, असे जे मोजके दिवस मिळतात त्यांतच आमची सहल बसवावी लागली. गोवा आणि मालवण सगळ्यांचे इतक्या वेळा झाले आहे की तिथे गेल्यावर सुट्टीवर आल्यासारखे वाटतच नाही. किनाऱ्यावर कोणी ना कोणी सांगलीचा भेटतो आणि पहिल्या पाच मिनिटांत हळदीचा दर विचारतो. म्हणून अंदमानातले नील बेट निवडले. २०१८ च्या डिसेंबरपासून त्याचे अधिकृत नाव शहीद द्वीप आहे, परंतु आम्हाला भेटलेली माणसे अजून नीलच म्हणत होती. सहलीचे नियोजन करणाऱ्याने आम्हाला, 'तिथे बघण्यासारखे फार काही नाही, एक रात्र पुरे,' असे सांगितले. आम्हाला नेमके तेच हवे असल्यामुळे आम्ही चार रात्री मुक्काम ठरवला.

चेन्नईहून विमानाने पोर्ट ब्लेअरला उतरलो. २०२४ पासून या शहराचे नाव श्री विजयपुरम झाले आहे. सेल्युलर जेल पाहताना औषधदुकानदार मित्राने आठवण करून दिली की, इथे शिक्षा भोगलेल्या बाबाराव सावरकरांचे निधन १९४५ मध्ये आपल्या सांगलीतच झाले. त्यानंतर बराच वेळ कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने नील गाठले. समुद्राकडे तोंड असलेली म्हणून आरक्षित केलेली खोली प्रत्यक्षात जनरेटरकडे तोंड करून होती, पण खोलीत थांबायचेच नव्हते, त्यामुळे तक्रार करण्याचा उत्साह कोणालाच उरला नाही.

बेट इतके लहान आहे की भाड्याच्या सायकलीवर धक्क्यापासून सीतापूरच्या टोकापर्यंत जायला अर्धा-पाऊण तास पुरतो. गावांची नावे रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर अशी असली तरी कानांवर बंगाली पडते, कारण पूर्व बंगालमधून विस्थापित झालेल्या कुटुंबांना १९६० च्या दशकात येथे वसवण्यात आले होते. पहिला गोंधळ घड्याळाने घातला. एप्रिलच्या आरंभी सांगलीत सूर्य साडेसहाच्या पुढेमागे उगवतो. इथे सव्वापाचलाच उजाडले आणि संध्याकाळी साडेपाचला लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर सूर्य बुडालासुद्धा. सांगली आणि नील यांच्यात अठरा-साडेअठरा रेखांशांचे अंतर आहे, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने सुमारे सव्वा तासाचे, मात्र घड्याळ दोन्हीकडे एकच. त्यामुळे सात वाजता जेवून आठला झोपणारे आम्ही चौघे, आमच्या घरच्यांनी पाहिले असते तर ओळखू आलो नसतो.

आता मुख्य गोष्ट अडत्याची. त्याचे घर सांगलीच्या नदीकाठच्या जुन्या वस्तीत, गावभागात आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांचे पाणी त्याच्या जिन्याने पाहिले आहे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखालची पातळी किती फुटांवर आली हे विचारल्याशिवाय त्याच्या घरात दिवा मालवत नाहीत. चाळीस फुटांवर इशारा आणि पंचेचाळीसवर धोका, हे आकडे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. पहिल्या सकाळी भरतपूरच्या किनाऱ्यावर आम्ही चहाचे कप घेऊन बसलो असताना भरती चढू लागली. समोरची पुळण हळूहळू कमी होत होती. हा गृहस्थ उठला, केवड्याच्या झाडाखालची एक काडी उचलून पाण्याच्या कडेला रोवून आला आणि मनगटावरच्या घड्याळात वेळ पाहू लागला. आम्ही हसलो, पण खरे सांगायचे तर आम्हीही त्या काडीकडेच पाहत होतो. पाऊण तासात पाणी काडी ओलांडून गेले, तेव्हा त्याने दुसरी रोवली. पौर्णिमा जवळ असल्यामुळे उधाण होते. सव्वानऊच्या सुमारास पाणी थांबले, थोडा वेळ जागच्या जागी हलत राहिले आणि मग आल्या वाटेने परतले. दुपारी साडेतीनला पाहतो तो, सकाळी जिथे लाटा होत्या तिथे गुडघाभरही पाणी नव्हते आणि पहिली काडी पुन्हा उघडी पडली होती. सहा तासांत येणारे, सहा तासांत जाणारे आणि मागे गाळ न ठेवणारे पाणी त्याने आयुष्यात प्रथमच पाहिले असावे. 'पंचनामा नाही, काही नाही,' एवढेच तो म्हणाला.

भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे त्याने दुसऱ्याच दिवशी काड्यांवरून काढले. त्याच हिशेबाने ओहोटी साधून आम्ही लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावरची नैसर्गिक दगडी कमान पाहायला गेलो. तिथे जाताना पाण्याच्या डबक्यांमधून, मृत प्रवाळाच्या धारदार तुकड्यांवरून तोल सांभाळत चालावे लागते; रबरी तळव्याचे बूट नसतील तर त्या फंदात पडू नये. बागायतदाराने एक सुंदर शिंपला खिशात टाकला होता. येथून प्रवाळ किंवा शिंपले नेता येत नाहीत आणि विमानतळावर सामान तपासतात, असे वाटाड्याने सांगताच त्याने तो जिथून उचलला होता त्याच डबक्यात नेऊन ठेवला.

पोहायला आम्ही सगळे कृष्णेत, सरकारी घाटाजवळ, पाठीला डबा बांधून शिकलेले. नदीत अंग सैल सोडले की पाय खाली जातात. इथल्या खाऱ्या पाण्यात मात्र आपोआप वर यायला होते, आणि हात-पाय मारायचे नाहीत हेच शिकायला आम्हाला अर्धा दिवस लागला. तोंडाला नळी आणि डोळ्यांना चष्मा लावून पालथे तरंगत राहायचे, बस्स. खाली प्रवाळाचे खडक, त्यांच्यात निळे-पिवळे मासे. प्रवाळ म्हणजे दगड नसून इवल्या प्राण्यांची वसाहत असते, त्यांच्या शरीरात राहणारे सूक्ष्म शैवाल त्यांना अन्न आणि रंग देते, आणि पाणी फार तापले की ते शैवाल निघून जाऊन प्रवाळ पांढरे पडते, ही माहिती औषधदुकानदाराने पाण्याबाहेर तोंड काढून दिली. २०१० मध्ये अंदमानात असेच फार मोठ्या प्रमाणावर झाले होते. पांढरे पडलेले काही भाग आम्हालाही दिसले. करप्याने बाग गेल्यावर वेली जशा दिसतात तसे, असे बागायतदार म्हणाला. त्याला नंतर समुद्रापेक्षा तिथल्या भाजीच्या मळ्यांनीच जास्त खेचले. हे छोटेसे बेट अंदमानाला भाजीपाला पुरवते, म्हणून तो सायकल घेऊन रोज कोणाच्या तरी वाफ्यांत जाई आणि मोडक्या हिंदीत वांग्यावरच्या किडीची चौकशी करून येई.

बाकीचे दिवस सांगण्यासारखे काही घडले नाही. नारळपाणी, भात आणि माशाचे कालवण, दुपारची झोप, आणि घरून नेलेल्या भडंगाचा डबा, जो तिसऱ्या दिवशी दमट हवेने नरम पडला तरी आम्ही संपवला.

शेवटच्या सकाळी अडत्याने काडी रोवलीच नाही. खुर्ची नेहमीपेक्षा चार पावले खाली, ओल्या वाळूजवळ टाकून तो बसला आणि बसल्या बसल्याच झोपला. साडेअकराच्या सुमारास पाणी खुर्चीच्या पायांशी येऊन पोहोचले. आम्ही त्याला उठवले नाही. फक्त त्याच्या चपला उचलून वर, झाडाखाली नेऊन ठेवल्या.