अभ्यासिकेसाठी ऑपरेटिंग सिस्टिम बांधताना यादीत काय ठेवायचं? माझा अनुभव

छंद म्हणून लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःची आवृत्ती बांधणाऱ्या कुणालाही विचारा, सल्ला एकच मिळतो: बेस लहान ठेवा, बाकीचं ज्याला हवं तो इंटरनेटवरून घेईल. सल्ला चांगलाच आहे, फक्त त्यात इंटरनेट गृहीत धरलंय. लालबागला आमच्या चाळीच्या मंडळाची अभ्यासिका आहे. तिथलं इंटरनेट म्हणजे कार्यवाह काकांच्या मोबाइलचा हॉटस्पॉट, आणि काका जेवायला घरी गेले की इंटरनेटही जेवायला जातं. त्यामुळे आयएसओ फाइलमध्ये, म्हणजे जिच्यावरून सिस्टिम बसवतात त्या एकाच मोठ्या फाइलमध्ये, जे नाही ते त्या मशिनवर कधी येणारच नाही, असं धरूनच आम्हाला सॉफ्टवेअरची यादी करावी लागली.

मशिनं म्हणजे फोर्टातल्या एका ऑफिसने मोडीत काढलेले डेस्कटॉप. बरेचसे कोर टू डुओ, थोडे दुसऱ्या पिढीचे आय-थ्री. लॅमिंग्टन रोडवरून जुनी रॅम आणि स्वस्तातल्या एसएसडी आणून त्यांना उभं केलं. एक ॲटम एन२७० या जुन्या प्रोसेसरचा नेटबुकही कुणीतरी दिला होता, पण तो निव्वळ ३२ बिटचा, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने (डेबियन म्हणजे आम्ही ज्यावर बांधतोय ती लिनक्स आवृत्ती) ३२ बिट पीसीसाठी कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आणि इन्स्टॉलर देणं बंद केलंय. त्यावर फार चर्चा झाली नाही. नेटबुक परत गेला.

आम्ही तिघं. मी, बँकेच्या सर्व्हर विभागात असलेला माझा कॉलेजचा मित्र आणि चाळीतलीच बारावीची एक मुलगी, जिला स्क्रिप्टा लिहायचा भारी नाद आहे. मूळ डेबियनचं आणि हत्यार लाइव्ह-बिल्ड. त्यात पॅकेजांची, म्हणजे सॉफ्टवेअरच्या तयार गठ्ठ्यांची, नावं साध्या टेक्स्ट फाइलींमध्ये एका ओळीला एक अशी लिहायची आणि बिल्ड सोडायची, म्हणजे त्यावरून आयएसओ बांधायला लावायची. तयार फाइल ठेवायला गिटहब ही साइट, आणि तिथे रिलीजमधली एकेक फाइल २ जीबीच्या आत असावी लागते. हीच आमची भिंत. तोडून दोन तुकडे करता येतात, पण अभ्यासिकेतल्या पोरांनी दोन तुकडे जोडून पेनड्राइव्ह बनवावा ही अपेक्षा मला तरी मान्य नव्हती.

सुरुवातीला यादी कशी वाढते ते बघण्यासारखं असतं. प्रत्येकाचं एकच म्हणणं, अरे चाळीसच एमबी आहे. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा येतो आणि ‘थोडं सरका’ म्हणतो, तसं. त्याचं एकट्याचं काहीच चुकत नाही, पण मग पाचवाही येतो. आणि इथे पॅकेज एकटं येत नाही, गोतावळा घेऊन येतं. शेवटी बारावीवालीनेच नियम काढला. लाइव्ह-बिल्डच्या यादीत हॅशने सुरू होणारी ओळ ही टीप धरली जाते. तर प्रत्येक पॅकेजच्या वर एक टीप हवी: हे अभ्यासिकेत कोण उघडणार आणि कशासाठी. ‘कधीतरी लागेल’ हे कारण चालणार नाही. या एका नियमाने निम्मी भांडणं सुरू व्हायच्या आतच मिटली, कारण टीप लिहायला बसलं की माणूस आपणहून गप्प होतो. माझाच ऑडिओ एडिटर असा गेला.

मित्राचा भर आकड्यांवर. डेबियनची पॉपकॉन नावाची आकडेवारी आहे. ज्यांनी आपखुशीने परवानगी दिलीय त्यांच्या मशिनवर काय बसवलंय आणि त्यातलं खरोखर किती वापरलं जातं, ते त्यात दिसतं. यातला ‘इन्स्टॉल’चा रकाना फसवा असतो, कारण डेस्कटॉपबरोबर आपोआप आलेलं सगळं तिथे वर चढून बसतं. ‘व्होट’चा रकाना, म्हणजे नियमित वापर, जरा खरं बोलतो. दोन पीडीएफ वाचकांतून एक निवडायचा असेल तर हा आकडा कामाचा. पण हे सगळं डेबियन वापरणाऱ्यांचं मत. एमपीएससीच्या जुन्या प्रश्नपत्रिका उघडणाऱ्या आमच्या पोरांचं त्यात एकही मत नाही.

या आकड्यांची सगळ्यात चांगली परीक्षा स्क्रीन रीडरवर झाली, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. अभ्यासिकेत एक मुलगा येतो, पूर्ण दृष्टिहीन, बँकांच्या परीक्षा देतो. विंडोजवर त्याचा हात एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर बसलेला. त्याने विचारलं, “दादा, यात एनव्हीडीए चालणार नाही ना? मग काय आहे?” आहे ओर्का, आणि त्याला आवाज देणारा ईस्पीक एनजी, ज्याला मराठी येतं. आवाज यांत्रिक आहे, सुरुवातीला कानाला टोचतो. पण तो म्हणाला की वेग वाढवला की सगळेच आवाज सारखे, उच्चार कळले म्हणजे झालं. मतांच्या रकान्यात असली पॅकेजं वर येणं शक्यच नाही. तरी टीप लिहायला आमच्या यादीत सगळ्यात सोपी हीच गेली. कोण उघडणार? तो. रोज.

आणि या एका पॅकेजने डेस्कटॉपही, म्हणजे खिडक्या-मेनूंचा पडदाही, ठरवला. तोवर एलएक्सक्यूटी की एक्सएफसीई हा वाद रंगला होता. दोन्ही हलके, दोघांचेही भक्त कट्टर. ओर्का मूळचा ग्नोम या डेस्कटॉपच्या प्रकल्पातला, जीटीके (खिडक्या-बटणं रेखाटणारं साधन) वापरणाऱ्या डेस्कटॉपवर तो जास्त सरळ चालतो, आणि एक्सएफसीई जीटीकेवर उभा आहे. वाद तिथेच संपला. ग्नोममध्ये सुपर, ऑल्ट आणि एस दाबलं की वाचक सुरू होतो. तीच जोडणी आम्ही एक्सएफसीईत बांधून दिली, म्हणजे उद्या त्याला दुसरीकडे ग्नोम मिळालं तरी बोटांना नवं काही शिकायला नको.

जागा वाचवायचा मोठा मार्ग म्हणजे ‘रेकमेंड्स’ बंद करणं. एपीटी हा डेबियनचा पॅकेज बसवणारा प्रोग्राम नुसतं गरजेचं आणत नाही, बरोबर असलेलं बरं अशी शिफारस असलेलंही आणतो. ते बंद केलं की फाइल झपकन उतरते. पण डेबियन लाइव्हच्या मॅन्युअलमध्येच बजावलंय की असं केलंत तर यूजर-सेटअप आणि सुडो ही दोन नावं स्वतः लिहा, नाहीतर लाइव्ह सत्रात, म्हणजे न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालवताना, वापरकर्ताच नीट तयार होणार नाही. अशी ओळ वाचली की कळतं, शिफारशीतली अर्धी पॅकेजं नुसती शोभेची नसतात. म्हणून मग प्रत्येक बिल्डनंतर पॅकेजांची जी पूर्ण यादी निघते ती मागच्या यादीशी ताडून बघायची सवय लावली. कोण नवा दिसतोय? कुणाबरोबर आला? ॲप्टिट्यूड या पॅकेज सांभाळणाऱ्या प्रोग्रामला ‘व्हाय’ विचारलं की तो साखळी दाखवतो, अमक्याला तमका लागतो, तमक्याला हा. लिबरऑफिसमध्ये याचा चांगला उपयोग झाला. ‘लिबरऑफिस’ एवढंच नाव लिहिलं तर ‘बेस’ या डेटाबेससकट सगळं कुटुंब आणि जावाही येतं. आम्ही रायटर, कॅल्क, इम्प्रेस आणि मराठी भाषांतर एवढीच नावं सुटी लिहिली.

व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरवर मात्र मी हट्ट सोडला नाही. शुद्ध हिशेबाने तो बसत नाही: आमचा डेस्कटॉप जीटीकेचा, व्हीएलसीला क्यूटी हे तसंच दुसरं साधन लागतं, म्हणजे एका प्लेयरसाठी अख्खं दुसरं बिऱ्हाड. मित्राने एमपीव्ही हा दुसरा प्लेयर लावून दाखवला, उत्तम चालतो. पण क्लासच्या लेक्चरची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन आलेला मुलगा आधी तो नारिंगी शंकू शोधतो. तो दिसला नाही की व्हिडिओ चालतच नाही असं समजून मशिनवरून उठतो. ओळखीच्या चित्राला किंमत असते, ती एमबीत मोजता येत नाही. मतदान झालं, दोन विरुद्ध एक.

टायपिंगचं प्रकरण पॅकेजपुरतं अगदीच सोपं निघालं. टायपिंगची भाषा बदलून देणारा आयबस आणि त्याचा एम१७एन हा जोड घेतला की मराठीसाठी इन्स्क्रिप्ट, फोनेटिक, रेमिंग्टन, गमभन या कीबोर्डच्या सगळ्या मांडण्या एकदम येतात आणि जागाही फार खात नाही. भांडण झालं ते पहिलं कोण यावर. काका मंत्रालयात होते, निवृत्तीच्या आधी इन्स्क्रिप्ट शिकले, त्यांच्या मते दुसरा पर्याय ठेवूच नये. ‘मराठी ३०’ची टायपिंग परीक्षा देणाऱ्यांचा रेमिंग्टनसाठी आग्रह. आणि मोबाइलवर वाढलेल्या पोरांना एम आय टाइप केलं की ‘मि’ यायला हवं, बाकी त्यांना काही ठाऊक नाही. शेवटी पहिला इंग्रजी ठेवला, कारण लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड देवनागरीत उमटायला लागला तर माणूस बाहेरच अडकतो. दुसरा इन्स्क्रिप्ट, मग बाकीचे. मला विचाराल तर पॅकेज आत आहे की नाही यापेक्षा ते कितव्या जागी आहे यावरच त्याचं नशीब ठरतं. चौथ्या जागी ठेवलेला पर्याय नसल्यातच जमा.

फॉन्टांवर मी जरा जास्तच वेळ घातला, कबूल. नोटो या फॉन्टमालेचं मुख्य पॅकेज घेतलं तर देवनागरीबरोबर जगभरच्या लिप्या येतात. म्हणून ‘लोहित’ आणि मुंबईतल्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचा ‘मुक्त’ हे दोन घेतले, दोन्ही मुक्त परवान्याचे, म्हणजे कुणालाही वाटता येणारे. पण खरी गंमत पुढे. मराठीत ल पाकळीचा आणि श देठाचा लिहायची रीत आहे, शासनाच्या वर्णमालेतही तसंच सांगितलंय. काही फॉन्टांत मराठी आणि हिंदी दोन्ही वळणं असतात, आणि मजकूर मराठी आहे हे सॉफ्टवेअरने सांगितलं तरच मराठी वळण उमटतं. त्यामुळे एकाच फॉन्टातला तोच ल मेनूत एका वळणाचा आणि रायटरमध्ये दुसऱ्या. उपाय नवं पॅकेज हा नव्हता. सिस्टिमचं लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाची सेटिंग, मराठी केलं, रायटरची मूळ भाषाही मराठी केली. फॉन्ट पास की नापास हे ठरवायला एक ओळ ठेवली होती, तीत ‘सूर्याला’ आणि ‘सुऱ्याला’ हे दोन्ही शब्द. दुसऱ्यातला र नीट जोडला गेला नाही तर फॉन्ट बाद. इन्स्क्रिप्टमध्ये तो ऱ शिफ्ट आणि जेवर असतो, तेही पोरांना त्याच ओळीवर शिकवता आलं.

सगळ्यात अवघड नकार नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्या दादांना द्यावा लागला. त्यांच्याकडे वर्षानुवर्षांच्या पत्रिका आणि अर्जांचे नमुने युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत आहेत. असल्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागेवर देवनागरी आकार बसवलेले असतात, फॉन्ट नसला की फाइल म्हणजे नुसता कचरा दिसतो. ते म्हणाले, “अरे, माझ्याकडे सीडी आहे, टाक ना त्यातला.” पण त्यांनी विकत घेतलेला फॉन्ट त्यांनी वापरायचा, आम्ही आयएसओत घालून वाटायचा नाही. हे पटवायला चहाचे बरेच कप लागले. प्रिंटरचंही तसंच. कॅननचा एलबीपी २९०० आपल्याकडे जिकडेतिकडे, पण कंपनीचा ड्रायव्हर मुक्त नाही. एचपीच्या लेझरजेट १०२० ला तर चालू केल्यावर फर्मवेअर (उपकरणाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) पाठवावं लागतं आणि ते एचपीच्या बंद प्लगइनमधून येतं. या दोघांसाठी आम्ही काही घातलं नाही. कप्स आणि एचपीलिप ही छपाईची मुक्त सॉफ्टवेअरं ठेवली, आणि काय, कुठून उतरवायचं याचं एक पान डेस्कटॉपवर दिलं. वायफायच्या फर्मवेअरचा प्रश्न मात्र डेबियननेच सोपा केलाय, १२ पासून ते अधिकृत इन्स्टॉलरमध्येच असतं.

आपण बायनरी (चालवायला तयार प्रोग्राम) वाटतो म्हणजे सोर्सचीही (मूळ कोडचीही) जबाबदारी येते, हे छंदवाले सहसा विसरतात. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याचा तो भागच आहे. लाइव्ह-बिल्डला सांगितलं तर तो सोर्सची वेगळी प्रतिमा बनवून देतो. आम्ही ती प्रत्येक रिलीजबरोबर ठेवतो, गरजेप्रमाणे तुकडे करून, कारण ती अभ्यासिकेतल्या पोरांना उतरवायचीच नसते.

गोठवायची तारीख गणपतीनेच ठरवली. उत्सवाच्या आधी अभ्यासिकेच्या हॉलमध्ये सजावटीचं सामान येऊन पडतं, मशिनं झाकून ठेवावी लागतात. त्याआधी सगळीकडे बसवून झालं पाहिजे. तारखेनंतर एकही नवं पॅकेज नाही, फक्त सुरक्षेचे अपडेट. गोठवल्यावर मागण्या यायच्या त्या आल्याच. कुणाला बुद्धिबळ हवं होतं, त्याला काकांनी परस्पर उत्तर दिलं.

पुढच्या आवृत्तीच्या यादीत सध्या एकच नाव टीपेसकट पक्कं आहे: स्कॅन केलेल्या पानातली अक्षरं ओळखणारा टेसरॅक्ट आणि त्याचा मराठी डेटा. कपाटात स्पर्धा परीक्षांची जुनी छापील टिपणं पडून आहेत, ती स्कॅन करून मजकुरात आणली तर ओर्का ती वाचून दाखवेल. मागणी अर्थात त्याच मुलाची. मित्राने आधीच विचारून ठेवलंय, यासाठी बाहेर कोण जाणार? मी व्हीएलसीकडे बोट दाखवायला अजून तयार नाही.