विळी मागणारा कंडक्टर

स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यानं घंटा, फळा आणि छडी याबद्दल लिहायचं असतं. ते बाकीच्यांनी लिहिलंच असणार, म्हणून मी सहलीतल्या हसण्यावर लिहितो. शाळेच्या महोत्सवाच्या निमित्तानं बऱ्याच बॅचेस पुन्हा एकत्र प्रवासाला निघताहेत. त्यातल्या काही गाड्या बेळगाव सोडून जवळच्या हिंडलग्यापर्यंत खिदळतात आणि पुढच्या सुळग्यापासून सगळेजण मोबाईलमध्ये मान घालून बसतात. असं का होतं आणि काय केलं तर होत नाही, एवढंच सांगायचं आहे.

आपल्या बेळगाव भागाला एक गोष्ट फुकट मिळालेली आहे. बसमध्ये मराठी आणि कानडी अशा दोन भाषा कानावर पडतात आणि दोन्ही अर्ध्या-अर्ध्या कळतात. कंडक्टर कानडीत ‘इळीरी’ म्हणतो, म्हणजे उतरा. खरं आपल्या घरी विळीला इळीच म्हणतात, त्यामुळं प्रत्येक स्टॉपला हा बाबा विळी मागतोय असं वाटतं. ‘हत्तु’ म्हणजे दहा आणि ‘हत्तु’ म्हणजेच चढ. ‘एळु’ म्हणजे सात आणि ऊठसुद्धा. ‘हालु’ म्हणजे दूध. चहावाल्यानं ‘हालु जास्ती?’ विचारलं की ‘हाल जास्तीच आहेत’ हे उत्तर ठरलेलं. ‘कालु’ म्हणजे पाय, म्हणून ‘काल दुखतोय’ हे वाक्य आपल्याकडं दोन दिवस चालतं. पुण्याच्या पाहुण्याला यातलं काही हसू येत नाही. येऊही नये. तो हसायला लागला की तो विनोद आपला राहिला नाही.

आता वाक्य तर इतकं साधं, मग हसू कुठून येतं? अमेरिकेतले रॉबर्ट प्रोव्हाइन नावाचे मेंदूशास्त्रज्ञ बाजारात आणि कॉलेजच्या आवारात लोकांचं हसणं टिपत हिंडले. 1,200 नोंदींत त्यांना दिसलं की बहुतेक हसू विनोदावर नव्हतं, ‘बरं, भेटू’ असल्या वाक्यांवर होतं. एकटा माणूस जितका हसतो त्याच्या 30 पट तो चारचौघांत हसतो, असाही त्यांचा हिशेब आहे. म्हणजे विनोदी माणूस शोधून गाडीत घालायची गरज नाही. उलट तो असला तर बाकीचे श्रोते होऊन बसतात. माणसं एकमेकांना ऐकू येतील अशी बसवा, ते जास्त महत्त्वाचं.

इथंच बहुतेकांची चूक होते. 17 सीटच्या ट्रॅव्हलरमध्ये एका बाजूला दोन, दुसरीकडं एक आणि शेवटच्या रांगेत चार अशी बैठक असते. चौघांच्या पुढं घोळका गेला की गप्पा आपोआप फुटून दोन होतात, म्हणून शेवटची रांग नेहमी रंगते आणि पुढच्या सिंगल सीटवरचा माणूस पाट्या वाचत बसतो. उपाय सोपा आहे. चहाला थांबलं की शेवटच्या चौघांतले दोघं पुढं आणि पुढचे दोघं मागं. चौघंही एकदम बदलू नका. आधीच्या तासाभरात ज्यावर हसलो तो शब्द नव्या दोघांना सांगायला कुणीतरी जुनं राहायला पाहिजे. खिडक्या उघड्या ठेवल्या तर दोन सीटच्या पलीकडं काही ऐकू येत नाही, तेव्हा पुढच्या बंद आणि मागच्या दोन उघड्या. आणि गाणी नकोत. ड्रायव्हरला झोप येते म्हणून लावली असतील तर त्याला चहा पाजा आणि त्याच्या शेजारी बोलका माणूस बसवा.

रस्ताही बघून निवडावा. आंबोली बेळगावहून साधारण 70 किलोमीटर. बाची, शिनोळी, पाटणे फाटा अशी गावं येत राहतात आणि शिनोळीला महाराष्ट्राची हद्द ओलांडली की पाट्यांची भाषा बदलते, म्हणजे बोलायला विषय तयार. खरा घाट आंबोली गाव सोडल्यावर सावंतवाडीच्या अंगाला लागतो, तिथं पोटातली मिसळ हलते आणि हसू बंद होतं. ज्याला गाडी लागते त्यानं मागं बसून हसू नये. मागची रांग चाकांच्याही मागं असते, तिथं हेलकावा जास्त. त्याला पुढं, लांबचा रस्ता दिसेल अशा जागी बसवा आणि गोळी घाट लागण्याआधी तासभर द्या. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाटाकडं गेलात तर जंगलात रेंज येते-जाते, ते आपल्या पथ्यावरच पडतं. खायला चिरमुरे असतील तर 16 जणांना एक किलो पुरे, पण चालत्या गाडीत नकोत. हसताना कोरडा चिरमुरा श्वासाबरोबर ओढला जातो आणि ठसका लागतो. थांबल्यावर कांदा घालून खा.

शब्द जन्मतो तो चुकून. टिकतो मात्र तिसऱ्यांदा वापरल्यावर. पहिल्यांदा कुणीतरी चुकीचं ऐकतं. दुसऱ्यांदा तो शब्द त्याच दिवशी, वेगळ्या ठिकाणी आणि दुसऱ्याच माणसानं वापरायला हवा. ज्याचा आहे त्यानंच परत म्हटला तर तो जाहिरात करतोय असं वाटतं. जेवणाच्या ताटात चाकूच नाही म्हटल्यावर कोपऱ्यातून ‘इळीरी’ आलं की समजावं, बसला. तिसरी वेळ घरी पोचल्यावरची. ग्रुपवर लगेच टाकू नका. लिहिलेल्या शब्दाला सूर नसतो; जो सहलीला आला नव्हता त्याला टोमणा वाटतो आणि मग तीन दिवस खुलासे चालतात.

एक वही ठेवा, साधी शाळेचीच. शब्द, ठिकाण आणि हजर कोण, इतकंच लिहा. का हसलो ते लिहिलं की वही मेली म्हणून समजा. नव्यानं गाडीत आलेल्या वहिनींना किंवा पोरांनाही हेच तीन तपशील अर्ध्या मिनिटात द्यायचे. नाही हसल्या तर नाही. दुपारी त्यांच्यासमोर नवा शब्द घडतो, त्यात त्या आपसूक असतात.

टोपणनावांचं जरा जपून. शाळेतलं नाव मार्क, बापाचा धंदा, अंगाचा रंग किंवा जात यावरून पडलेलं असेल तर ते वहीत नको आणि त्याच्या मुलांसमोर तर अजिबात नको. तो हसतोय म्हणजे त्याला चालतंय असं नाही; वर्गातही तो हसतच होता. कानडी वळणाच्या बोलण्याचंही तेच. ‘खरं’ म्हणजे ‘पण’ यावर आपण सगळेच हसतो, कारण आपण सगळेच तसं बोलतो. एकट्या कुणाच्या उच्चारावर गाडी हसायला लागली की तो पुढच्या वर्षी ‘रजा मिळत नाही’ म्हणून कळवतो.

आणि बॅचमधला कुणी आता नसेल आणि शब्द त्याचा असेल, तर तो पाटणे फाट्याच्या आत कुणीतरी म्हणून टाकायचा. नाहीतर दिवसभर सगळे त्याच्याभोवतीनं बोलत राहतात. कोण म्हणणार हे आदल्या दिवशी फोनवर ठरवून ठेवा, आणि म्हणताना त्याच्या आवाजात म्हणू नका, आपल्याच आवाजात म्हणा.